बाळंतीण घरी आली, पण बरी झाली का?



आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि शेवटी हेडमास्तर म्हणून घरी बसलो. मग आज हे गुरुजी दवाखान्याच्या गोष्टी कशाला सांगत बसलेत, असे तुम्हांला वाटेल. त्याला कारण आहे. आमच्या हातून एकदा एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज उभे राहिलो आहोत.

आजचा विषय बायकांचा आहे. पण तो ऐकायचा आहे पुरुषांनीही. मागच्या बाकावरच्या गड्यांनी उठून जाऊ नये. गाडी कोण आणतो? तुम्ही. पैसे कोण काढतो? तुम्ही. दवाखान्यात न्यायचे की नाही, हे कोण ठरवतो? बहुतेक घरांत तुम्हीच. तेव्हा बसा.

आमच्या घरची गोष्ट

गोष्ट २०१२ सालची. आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरले. कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात नेली. बाळ पोटात आडवे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, सिझर करावं लागेल." आम्ही सही केली. अर्ध्या-पाऊण तासात नातू रडल्याचा आवाज आला. आमच्या जिवात जीव आला.

सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली. निघताना नर्सबाईंनी एक कार्ड हातात दिले. आम्ही ते घडी करून पिशवीत घातले. पेढे वाटायचे होते. जीप बाहेर उभी होती. कार्ड वाचायला वेळ कोणाला होता?

घरी आमच्या थोरल्या बहिणीचा शब्द चालतो. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी चार बाळंतपणे केलेली. त्यांनी खोली झाकून घेतली. शेगडी पेटवली. गरम पाण्याने न्हाऊ घातले. पोटाला तेल चोळले. टाक्यांवर हळद लावली. सगळे मायेपोटी केले, बरे का! वाईट मनात काही नव्हते.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. म्हणाल्या, "अक्का, उद्या हिला टाके दाखवायला न्यायचंय." अक्का म्हणाल्या, "बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. तू चहा घे." आशाताईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ओट्यावर पेपर वाचत होतो. सारे ऐकू येत होते. पण घरातल्या बायकांच्या गोष्टीत कशाला पडा, म्हणून आम्ही पेपरातून डोके वर काढले नाही. आशाताई चहा पिऊन गेल्या.

नवव्या दिवशी लेक आईला म्हणाली, "टाक्यातनं ओल येतेय." अक्का म्हणाल्या, "घाम असेल." दहाव्या दिवशी ताप आला. अक्का म्हणाल्या, "दुधाचा ताप आहे, उतरेल." अकराव्या रात्री लेकीला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. बाळाला अंगावर घेण्याचीही ताकद राहिली नाही. दुसऱ्या दिवशी बारसे होते. पाळण्याला फुलेही आणून ठेवली होती.

रात्री दोन वाजता शेजारच्या पाटलांना उठवून जीप काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी धरून जखम पाहिली. दोन टाके कापले. आतून पू आला. किती आला, ते सांगवत नाही. मग रोज जखम धुणे, शिरेतून औषध, आठ दिवसांनी पुन्हा टाके. एकूण अकरा दिवस लेक तिथे पडून होती. पहिले तीन दिवस आम्ही देवाचे नाव घेत बाहेरच्या बाकावर बसलो.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हांला आत बोलावले. आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, कार्ड वाचलं नव्हतं का?"

घरी येऊन पिशवीतून कार्ड काढले. औषधांची नावे इंग्रजीत होती. पण खाली निळ्या शाईने, चांगल्या मराठीत लिहिले होते : "आठव्या दिवशी जखम दाखवणे. टाके काढणे. ताप आल्यास लगेच येणे. जखमेला काही लावू नये." चार ओळी. आम्ही साऱ्या गावाची पत्रे वाचून दाखवणारे. तलाठ्याची नोटीस आली की लोक आमच्याकडे येणार. आणि आमच्याच लेकीच्या कार्डावरच्या चार ओळी आम्ही वाचल्या नव्हत्या.

लेक वाचली. नातू आज हायस्कुलात जातो. पण तो प्रश्न आमच्या कानातून गेलेला नाही. म्हणून पुढे आम्ही दवाखान्यात जाऊन सगळे नीट विचारून घेतले. तेच आता तुम्हांला सांगतो.

पोटात काय होते ते समजून घ्या

सिझर म्हणजे काय? पोट आणि गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती, कापून बाळ बाहेर काढतात. मग सगळे पुन्हा शिवतात. वरून आपल्याला दिसते ती ओटीपोटावरची चार ते सहा इंचांची एक रेघ. आपल्याला वाटते, एवढीच जखम. पण ती नुसती वरची शिवण आहे.

गोधडीचे उदाहरण घ्या. गोधडीला वरचा एक पदर असतो, पण आत किती पदर असतात! तसेच पोटाचे. वर कातडी. तिच्या खाली चरबी. तिच्या खाली जाड, चिवट पडदा. त्याच्या आत आणखी एक पातळ पडदा. आणि सर्वांत आत पिशवी. यांतल्या पिशवीला आणि चिवट पडद्याला टाके पडतात. कातडीला वेगळे टाके पडतात.

कातडी आठ-पंधरा दिवसांत जुळते. बाई चालू-फिरू लागते. घरचे म्हणतात, झाली बरी. पण आतले पदर भरून यायला सहा आठवडे तरी लागतात. पुरती ताकद यायला त्याहून जास्त महिने जातात. तेव्हा वरून बरी दिसली म्हणजे आतून बरी झाली, असे नव्हे. आजच्या बोलण्यातली ही पहिली गोष्ट पक्की करा.

जखम कशी जपावी

जखमेला हात लावायचा, तर आधी साबणाने हात धुवायचे. बाळंतिणीने धुवायचे. तिचे करणाऱ्या बाईने धुवायचे. नुसते पाण्यात बुचकळून काढणे म्हणजे हात धुणे नव्हे.

हात धुण्याची एक खरी गोष्ट सांगतो. युरोपात व्हिएन्ना नावाचे मोठे शहर आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करत. दुसऱ्यात सुइणी करत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापाने फार मरत. सुइणींच्या विभागात त्यामानाने कमी. लोकांना नवल वाटे. सेमेलवाइस नावाचे एक डॉक्टर तिथे होते. त्यांनी शोध घेतला. त्यांच्या ध्यानात आले, की डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते फाडून शिकत, आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत. १८४७ साली त्यांनी नियम केला, की क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे शंभरातल्या अठरा बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा शंभरात दोनच्या जवळपास आला.

तेव्हा हा ताप जंतूंमुळे येतो, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. लोकांनी त्या डॉक्टरांची थट्टा केली. पण हात धुतल्याने बायका वाचल्या, हे खरे. मोठमोठ्या डॉक्टरांच्या हातांनी जे होते, ते आपल्या हातांनी होणार नाही का? आपण शेण काढतो, गुरांना चारा घालतो, चूल सारवतो. मग हात साबणाने धुवायलाच हवेत.

आता पुढचे ऐका.

दवाखान्यातली पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हा काढावी. नंतर जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. अंघोळ करायला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले, की रोज करावी. कोमट पाणी वरून हळू सोडावे. जखम घासू नये, चोळू नये. मग धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या सुती कपड्याने ती नुसती टिपून घ्यावी. हा कपडा फक्त जखमेसाठी वेगळा ठेवावा.

परकराची नाडी जखमेवर येऊ देऊ नये. ती जखमेच्या वर बांधावी. कपडे सैल आणि सुती असावेत. पोट सुटलेले असेल, तर पोटाच्या घडीत घाम साचतो. ती जागा दिवसातून दोन-तीनदा टिपून कोरडी करावी.

जखमेला हळद नको. तेल नको. राख नको. लिंबाचा पाला वाटून नको. शेजारणीने दिलेले मलमही नको. डॉक्टरांनी दिले असेल तेवढेच लावावे. हळद स्वयंपाकात चांगली. पण डब्यातली हळद काही जंतू मारून आणलेली नसते. तीत किती हात गेलेले असतात!

शेगडीचे काय? बाळंतिणीला ऊब हवी, हे खरे. पण उबदार पांघरूण द्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. कोळशाचा वायू विषारी असतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपेतच जीव जातो. धुरीचा धूर बाळाच्या छातीला वाईट. शिवाय जखमेभोवतीची कातडी काही महिने बधिर असते. चटका बसला तरी बाईला कळत नाही. म्हणून जखमेला शेक देऊ नये. पोटाला तेल चोळून मालीश करणे आणि पोट आवळून बांधणे, हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाय, पाठ, डोके यांना हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

थोडी खाज येणे, ओढल्यासारखे वाटणे, जागा बधिर वाटणे, हे पुष्कळ बायांना होते. त्याने घाबरू नये. पण खाजवू नये.

औषधाच्या गोळ्या दिल्या असतील तितके दिवस पुऱ्या घ्याव्यात. बरे वाटले म्हणून दोन दिवसांत सोडू नयेत. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या बाईला देऊ नयेत.

खाणे, पिणे आणि काम

आपल्याकडे बाळंतिणीला फार पथ्ये. "भात खाल्ला की टाके पिकतात." "डाळ खाल्ली की पू होतो." "पाणी कमी पी, पोट सुटेल." मंडळी, टाके भाताने पिकत नाहीत. टाके जंतूंनी पिकतात. जखम भरायला शरीराला माल लागतो. भिंत बांधायची आणि विटा द्यायच्या नाहीत, तर भिंत कशी उभी राहील? डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, खात असाल तर अंडी, मासे, मटण, हिरवी भाजी, भाकरी, भात, फळे, सगळे द्यावे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर द्यावी. पाणी तहान लागेल तितके द्यावे. पाणी कमी प्यायले तर शौचाला खडा होतो. मग कुंथावे लागते आणि टाक्यांवर ताण येतो.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर रोज एक, सहा महिने घ्यायच्या असतात. कॅल्शियमच्याही तितकेच महिने. या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात फुकट मिळतात.

विश्रांती हवी, पण नुसते पडून राहणे नको. घरातल्या घरात, मग अंगणात, रोज थोडे थोडे चालावे. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. खोकला किंवा शिंक आली, तर जखमेवर उशी किंवा घडी केलेले लुगडे दाबून धरावे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे.

सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही. पाण्याची कळशी नाही. भारा नाही. दळणाचा डबा नाही. नवऱ्याने पाणी भरले, तर त्याची मिशी खाली येत नाही. आणि तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवराबायकोने वेगळे निजावे.

बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. मध नको, घुटी नको, पाणीही नको. टाके दुखत असतील, तर आईने कुशीवर झोपून पाजावे. म्हणजे बाळाचा भार जखमेवर येत नाही.

ह्या खुणा दिसल्या, तर दिवस पाहू नका, रात्र पाहू नका

आता जे सांगतो ते फळ्यावर लिहून घ्या. घरी गेल्यावर भिंतीला चिकटवा.

१. ताप आला, थंडी वाजली. थर्मामीटर असेल तर १००.४ किंवा त्याहून जास्त.

२. जखम लाल होत चालली, सुजली, गरम लागू लागली, दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

३. जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, घाण वास आला, टाके उसवले.

४. अंगावरून जास्त जाऊ लागले. तासाभरात एक पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या. किंवा अंगावरून जाण्याला घाण वास येऊ लागला.

५. पोटात फार दुखू लागले.

६. एका पायाची पोटरी दुखू लागली, सुजली. किंवा दम लागला, छातीत दुखू लागले.

७. डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटके येतात.

८. लघवीला जळजळ होते, किंवा लघवी होतच नाही.

यांतली एक जरी खूण दिसली, तरी त्याच वेळी दवाखाना गाठायचा. उद्या सकाळी पाहू, असे म्हणायचे नाही. जखमेतले जंतू रक्तात गेले, की जिवाशी गाठ असते. झटके, दम, जास्त रक्त, यांत तर घटकेचा उशीरही चालत नाही. आमच्या वेळी रात्री जीप शोधावी लागली. २०१४ सालापासून आपल्या राज्यात १०८ नंबरची गाडी आहे. फोन फुकट, गाडी फुकट.

आणखी एक खूण आहे. ती कातडीवर दिसत नाही. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणे, चिडचिड होणे, हे पुष्कळींना होते. पण पंधरा दिवस झाले तरी बाई उदास आहे, झोपत नाही, खात नाही, बाळाकडे पाहत नाही, जगून काय करू म्हणते, तर तिला बोल लावू नका. "नखरे करते" म्हणू नका. तोही आजार आहे. त्यालाही औषध आहे. आणि जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करावेसे वाटते असे ती म्हणाली, तर पंधरा दिवस मोजत बसू नका. तिला क्षणभर एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि एक सांगायचे राहिले. सिझर झालेल्या बाईला, "हिला साधं बाळंत होता आलं नाही," असे टोमणे मारतात. मंडळी, तिच्यावर शस्त्र चालले, तिचे पोट शिवले, आणि दुसऱ्या दिवशी ती बाळाला पाजायला उठली. यात कमीपणा कसला?

परत कधी दाखवायचे

खुणा दिसल्या तर जायचेच. पण काही दिसले नाही, सगळे छान आहे, तरी जायचे. दोन वेळा तरी जायचे.

पहिली वेळ जखम दाखवण्याची. ती तारीख डॉक्टर देतात. टाके दोन तऱ्हेचे असतात. काही आपोआप विरघळतात. काही काढावे लागतात. बाईचे टाके कोणते, हे सुट्टी होतानाच विचारून घ्यावे.

दुसरी वेळ सहा आठवड्यांनी, म्हणजे बेचाळीस दिवसांच्या सुमारास. त्या दिवशी जखम पाहतात, पिशवी पूर्वीसारखी आकसली की नाही ते पाहतात, रक्तदाब मोजतात, रक्त कमी आहे का ते तपासतात. पाळणा लांबवण्याचा उपायही त्या दिवशी विचारून घ्यावा. बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमारास असते. मायलेकरांचे काम एका खेपेत होते.

याशिवाय आशाताई घरी येतात. सिझर झालेल्या बाईकडे सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा पाच वेळा त्यांनी यायचे असते. त्या आल्या की ओट्यावरून परत लावू नका. आत बसवा. बाळाचे वजन करू द्या. बाळंतिणीला त्यांच्याशी एकटीने बोलू द्या. सासूपुढे जे बोलता येत नाही, ते ती त्यांच्याजवळ बोलेल. पण आशाताई येऊन गेल्या म्हणजे दवाखान्याची खेप चुकली, असे नव्हे. दोन्ही हवे.

खर्चाची भीती वाटते? २०११ सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे आणि तपासण्या यांना पैसे पडत नाहीत. घरी आणून सोडायलाही गाडी मिळते. विचारा. विचारल्याशिवाय कळत नाही.

आता सव्वा महिन्याचे. आम्ही रूढीला नावे ठेवायला उभे नाही. सव्वा महिना बाळंतिणीने घरात राहावे, हे आपल्या वाडवडिलांनी का सांगितले? तिला विश्रांती मिळावी, शेतावर कोणी पिटाळू नये, म्हणून. फार चांगली गोष्ट आहे. डॉक्टरही सहा आठवडे जपा असेच सांगतात. पण दवाखान्यात जाणे म्हणजे काही शेतात खुरपायला जाणे नव्हे. गाडीत बसून जायचे, दाखवायचे, परत यायचे. त्याने कोणतीही चाल मोडत नाही. आमच्या अक्कांनाही पुढे हे पटले. लेकीच्या दुसऱ्या वेळी आठव्या दिवशी चपला घालून सगळ्यांत आधी त्याच दारात उभ्या होत्या.

पुढच्या खेपेला

पिशवीला एकदा शिवण पडली, की ती जन्माची खूण. ती भरून यायला वेळ द्यावा. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. अंगावर पाजते, पाळी आलेली नाही, म्हणून दिवस राहत नाहीत, या भरवशावर राहू नये.

पुढच्या वेळी दिवस राहिले, की पहिल्याच तपासणीला सांगावे : "माझं आधी सिझर झालंय." कळांच्या जोराने जुनी शिवण क्वचित उसवते. मग आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. म्हणून अशा बाईचे बाळंतपण घरी करू नये. जिथे ऑपरेशनची सोय आहे, तिथेच करावे. एकदा सिझर म्हणजे दरवेळी सिझरच, असेही नाही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. आणि त्यांना ठरवायला काय लागते? मागचे कार्ड. म्हणून कार्ड टाकून देऊ नये. रेशनकार्डाजवळ, सातबाऱ्याजवळ ठेवावे.

चार ओळी

शेवटी एक हकिगत सांगतो आणि पुरे करतो.

आपल्याच वर्गातल्या एक बाई. त्यांचे नाव सांगत नाही, त्या लाजतील. साठी जवळ आलेली. दोन वर्षांपूर्वी पाटी धरली, तेव्हा अंगठा उठवत होत्या. मागल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेचे सिझर झाले. सुट्टीच्या दिवशी नर्सबाईंनी कार्ड मुलाच्या हातात दिले. त्याने ते खिशात घातले. या म्हणाल्या, "आण इकडं." खाटेवर बसल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "ता... री... ख. तारीख." पुढचा आकडा वाचला. मग नर्सबाईंना हाक मारली. "बाई, हे इंग्रजीतलं मला येत नाही. काय म्हणलंय ते मराठीत लिहून द्या." नर्सबाईंनी लिहून दिले. आणि त्या दिवशी, त्या तारखेला, पाऊस पडत असताना, सुनेला घेऊन त्या दवाखान्यात हजर. जखम चांगली होती. टाके निघाले. घरी येऊन चहा झाला. संपली गोष्ट.

या हकिगतीत काही घडलेच नाही, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. ताप आला नाही, पू झाला नाही, रात्री जीप काढावी लागली नाही. आम्हांला आमच्या घरी असेच व्हायला हवे होते.

आम्ही अडतीस वर्षे लोकांना वाचायला शिकवले. पण वाचायचे कशासाठी, ते या बाईंनी आम्हांला शिकवले. तुम्ही आज अक्षरे जुळवता. हळू जुळवता. अडखळता. काही बिघडत नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, की गाडीत बसण्याआधी ते कार्ड उघडा. ही चार उत्तरे त्यात आहेत का, ते पाहा : परत कधी यायचे? टाके काढायचे की विरघळणारे? कोणती गोळी कधी आणि किती दिवस? रात्री त्रास झाला तर कोठे जायचे? एखादे उत्तर सापडले नाही, तर विचारा. मराठीत लिहून मागा. विचारायला लाजू नका.

आम्ही लाजलो नव्हतो. आम्ही गाफील राहिलो. ते अधिक वाईट.

इतके सांगून आम्ही बसतो. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, त्यांनी आज रात्रीच कार्ड काढून वाचावे. वाचता आले नाही, तर उद्या वर्गात घेऊन यावे. आपण सगळे मिळून वाचू.

नमस्कार.